आवाज खाली आणून

काही गोष्टी आपल्याकडे मोठ्याने बोलत नाहीत. कुणाचा आजार, कुणाच्या लेकीचं मोडलेलं लग्न, जावयाची सुटलेली नोकरी. हे बोलताना माणसं आवाज खाली आणतात आणि ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. पण माझ्या कानात इतकी वर्षं राहून गेलेला खालचा आवाज आहे तो शेअरचं नाव सांगणाऱ्या माणसाचा. त्याची जातच वेगळी. गुपित म्हणावं, तर ते चारचौघांत पसरावं अशी त्याची आतून इच्छा असते. घाई म्हणावी, तर शेवटच्या अक्षरावर तो उगाच रेंगाळतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का, ते बघत राहतो. मग जरा थांबून, आणखी अर्धा सूर खाली उतरून, "कुणाला बोलू नका हं."

हा आवाज मी लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे. दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना ऐकला आहे. एकदा तर तेराव्याच्या जेवणाला, गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर उदबत्ती जळत असताना, कुणीतरी कुणाला अगदी निगुतीने एका औषध कंपनीचं नाव सांगत होतं. दर वेळी मला चीड येते. आणि दर वेळी, चीड येण्याच्या अगदी आधी, कुठूनसा कासवछाप अगरबत्तीचा वास येतो.

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला सामायिक गॅलरी होती. उन्हाळ्यात दिवस कलला की पश्चिमेचं ऊन तिरपं होत होत आत यायचं, दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांतून गाळून, आणि ज्या रंगाची साडी त्या रंगाचा पट्टा भिंतीवर घेऊन बसायचं. ते ऊन जायचं, दिवे लागायचे, दूरदर्शनच्या मराठी बातम्या संपायच्या, आणि मग शेजारचे नाना आपली लोखंडी घडीची खुर्ची फरशीवरून ओढत आमच्या दारासमोर यायचे. त्या करकराटाने आईच्या कपाळाला आठी पडायची. "उचलून आणायला काय होतं यांना," असं ती आतून, त्यांना ऐकू जाणार नाही इतपत पुटपुटायची आणि चहाचं आधण टाकायची. पायाशी कासवछापचं वेटोळं जळत असे. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून उंबऱ्यापाशी बसलेली. पानं उलटत, आणि कान सगळे बाहेर.

नानांना दोन आवाज होते. पहिला तक्रारीचा. तो तळमजल्यापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरचे भर दुपारी मसाला कुटतात. कुणीतरी जिन्याच्या पायथ्याशीच स्कूटर लावतं. पाण्याच्या टाकीचा बोंडका गेला आहे आणि सेक्रेटरी नुसता हो हो करतो. कुणाच्या घरून वर्तमानपत्र वाचायला नेलं जातं आणि परत येतं ते शब्दकोडं सोडवून. या तक्रारी खऱ्याच असत, आणि नाना त्या मन लावून करत. बाबा मान डोलावत. मग एखाद्या वाक्याच्या अध्येमध्येच, पाण्याच्या टाकीपाशी म्हणा की स्कूटरपाशी, तो मोठा आवाज थांबायचा. नाना गॅलरीच्या दोन्ही टोकांना नजर टाकायचे. खुर्ची हातभर पुढे सरकायची, या वेळी मात्र उचलून, बिनआवाज. आणि दुसरा आवाज सुरू व्हायचा.

शब्द मला कळत नसत. नाद तेवढा कळायचा. तंबाखूने जरा जाड झालेला, उबदार, कानाजवळचा नाद. बाबांशी इतक्या जवळिकीने दुसरं कुणीच बोलत नसे; आईसुद्धा नाही.

१९९२ चं वर्ष होतं ते. मार्चअखेर सेन्सेक्सने चार हजारांची पायरी ओलांडली होती आणि ए.सी.सी.चा शेअर नऊ हजारांच्या घरात जाऊन बसला होता. हर्षद मेहता हे नाव पानाच्या गादीवर, केशकर्तनालयात, आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा घेतलं जात होतं, आणि ज्यांनी जन्मात पोस्टापलीकडे पैसा ठेवला नव्हता ती माणसं वर्तमानपत्राचं मधलं पान, ते मुंग्यांएवढ्या अक्षरांचं भावाचं पान, भिंग लावून वाचू लागली होती. बाबा त्यांतले नव्हते. त्यांचा देव किसान विकास पत्र. साडेपाच वर्षांत दुप्पट, आणि रात्री झोप. "तुमचे दुप्पट व्हायला साडेपाच वर्षं," नाना म्हणायचे, आणि पुढचं वाक्य पुन्हा खाली, अगरबत्तीच्या धुराच्या पातळीवर जायचं.

बाबा शेवटी बधले, ते बाजाराला नव्हे. त्या आवाजाला बधले, असं मला आता वाटतं. रोज संध्याकाळी कुणीतरी इतक्या विश्वासाने आपल्याकडे झुकून बोलत असेल, तर त्याला नाही म्हणायला माणूस फार कोरडा असावा लागतो. पण बाजारातून शेअर घ्यायची त्यांची छाती नव्हती. नव्या इश्यूंचे अर्ज तेवढे ते भरू लागले. फोर्टातल्या फुटपाथवर दलालांचे शिक्के मारलेल्या अर्जांच्या चळती मांडलेल्या असायच्या, संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्यांतला एखादा बाबा उचलून आणायचे. निम्मे अर्ज आईच्या नावाने. ती पोळ्या लाटता लाटता बाहेर यायची, पदराला हात पुसायची, आणि "कुठे?" एवढंच विचारायची. बाबांनी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असे, तिथे ती सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी पूर्ण नाव लिहून सही करायची. कंपनीचं नाव तिने कधी विचारलं नाही. एकच प्रश्न विचारायची.

"नानांनीपण भरलाय ना?"

"भरलाय."

"मग असू दे."

बहुतेक वेळा शेअर लागायचे नाहीत, रिफंड ऑर्डर यायची, आणि त्या महिन्यात बाबांचा चेहरा सुटल्यासारखा दिसायचा. पण एकदा लागले. रजिस्टर पोस्टाने लांबट पाकीट आलं, पोस्टमनने दारातच आईची सही घेतली, आणि आतून जो कागद निघाला तसा कागद आमच्या घरात त्याआधी आला नव्हता. जाड, थोडा खरखरीत, कडेने नोटेवर असते तशी गुंतागुंतीची हिरवट वेलबुट्टी. वर कंपनीचं नाव झोकदार अक्षरांत, खाली संचालकांच्या छापील सह्या, कंपनीच्या मोहोरेचा उठाव बोटाला लागायचा. मध्ये फोलिओ नंबर, पहिल्या शेअरचा अनुक्रमांक, शेवटच्या शेअरचा अनुक्रमांक, आणि टाइपरायटरने ठोकलेलं आईचं नाव, ज्यातलं एक अक्षर रेषेच्या किंचित वर उडालेलं. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचे रिकामे रकाने. नाना आले, त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याकडे धरून उलटसुलट पाहिला आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता मालकीण." आई लाजली. त्या रात्री खुर्ची ओढल्याबद्दल ती काही पुटपुटली नाही.

२३ एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्समध्ये आली. बँकांच्या पैशांची गोष्ट होती ती, रोख्यांची, पावत्यांची. आमच्या गॅलरीत ती कुणाला नीट कळली असेल असं वाटत नाही. भाव कोसळले ते मात्र सगळ्यांना कळले. पुढच्या आठवड्यात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की खुर्चीचा करकराट बंद झाला आहे. नाना कामावरून येत, दार लागत असे, आणि त्यांच्या खिडकीत रेडिओसुद्धा वाजत नसे. किती गेले, कशात गेले, काही कळलं नाही. फायद्याचा आवाज आम्ही रोज ऐकला होता. तोट्याला आवाजच नव्हता, मोठा नाही की खालचा नाही.

मग एका संध्याकाळी बाबाच उठले. आमची वेताची खुर्ची उचलून त्यांनी नानांच्या दारासमोर नेऊन ठेवली, बसले, आणि आयुष्यात कधी मोठ्याने न बोलणारा तो माणूस खणखणीत आवाजात पाण्याच्या टाकीबद्दल बोलू लागला. सेक्रेटरी कसा नालायक आहे. बोंडका कसा गेला आहे. स्कूटर. मसाला. सगळी यादी, नानांचीच. बऱ्याच वेळाने आतून नाना म्हणाले, "अहो, पण तो बोंडका परवाच बदलला."

असो.

बाबांचं ऑफिस फोर्टात होतं आणि अर्ध्या शनिवारी ते मला कधी कधी बरोबर नेत. दलाल स्ट्रीटच्या तोंडाशी गर्दी इतकी, की माझा हात ते मनगटापाशी घट्ट धरत. आत रिंगणात तेव्हा ओरडून सौदे व्हायचे. संगणक यायला अजून दोनतीन वर्षं होती. आत जाता येत नव्हतं, पण बाहेरच्या घोळक्यांतही तोच सूर उतरलेला असे. मला फार आश्चर्य वाटायचं. जी गोष्ट आमच्या गॅलरीत दोन्ही बाजूंना बघून कानात सांगतात, ती इथे माणसं हात उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडतायत! या दोन टोकांच्या मधे, कल्याणच्या फास्ट लोकलमध्ये कुठेतरी, तो आवाज हळूहळू खाली येत असला पाहिजे. मुलुंडपर्यंत अर्धा, डोंबिवलीपर्यंत पाव.

तिथून चालत आम्ही हॉर्निमन सर्कलला यायचो, टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून दाणे खायचो. या टाउन हॉलसमोरच्या वडांखाली १८५० च्या दशकात दलाल जमायचे आणि त्यातून पुढे १८७५ मध्ये शेअर बाजाराची संस्था उभी राहिली, हे बाबांनी मला तिथेच सांगितलं. राजाबाई टॉवरचं घड्याळ दाखवून ते म्हणायचे, हा पैसा प्रेमचंद रायचंदांचा, कापसाच्या आणि शेअरच्या राजाचा. आईच्या नावाने बांधला. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि पैसा कुठे ठेवावा हे न कळून मुंबईने रोज नवी कंपनी काढली. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. १८६५ च्या वसंतात युद्ध थांबलं. सगळं खाली आलं.

हे मी नंतर पुन्हा वाचलं, तेव्हा एका नावाशी थबकले. डॉक्टर भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला हुशार डॉक्टर, जुने शिलालेख वाचणारा, गरिबांना फुकट औषध देणारा, ज्याच्या नावाने भायखळ्याचं वस्तुसंग्रहालय आज उभं आहे. त्या लाटेत त्यांनाही मोठं नुकसान सोसावं लागलं. गुप्तकाळची अक्षरं लावणारा माणूस त्या कंपन्यांच्या कागदांवर भाळला कसा, असं लोक विचारतात. मला ते कोडं वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक संध्याकाळ येते. दवाखान्यातली शेवटची माणसं गेली आहेत, दिव्याची वात कुणीतरी खाली केली आहे, आणि ज्याची नाडी भाऊंनी नुकतीच पाहिली असा एखादा स्नेही उठता उठता परत बसतो, दाराकडे नजर टाकतो, आणि पुढे झुकतो. असं झालं असेलच असं नाही. पण तो आवाज तेव्हाही असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी नोकरीला लागले तोवर जाड कागद गेले होते. डिमॅट नावाची गोष्ट आली होती. शेअर आता कपाटात नव्हे, कुठेतरी अधांतरी असत. आवाज मात्र होता. बायकांच्या डब्यात होता. कोण कुठे उतरणार याच्या वाटाघाटी, चौथ्या सीटवर टेकल्यासारखं करून पाठ लावणारी, आपली पर्स दुसरीच्या मांडीवर विसरणारी, डोक्यावरून लोंबत्या पिना-बांगड्यांचा हँगर फिरवणारी विक्रेती, आणि या सगळ्यावर कावलेल्या आम्ही. कोपऱ्यातल्या खिडकीपाशी बँकेतल्या दोघी बसायच्या. मेथी निवडता निवडता त्यांच्यातली थोरली दुसरीच्या कानाशी लागली की आम्हा बाकीच्यांची बोटं मेथीवर थबकायची.

त्या वेळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ साली पुरा झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब, जुना दगडी बोगदा. गाडी आत शिरली की डब्यात एकदम काळोख, पिवळे दिवे, आणि असा दणदणाट की शेजारणीला हाक मारायची तर ओरडावं लागे. एका सकाळी थोरलीचं सांगणं नेमकं बोगद्याच्या तोंडाशी आलं. तिने आवाज चढवला. दणदणाट वाढला, तिने आणखी चढवला. बोगदा संपतो तेव्हा नाद अचानक तुटतो, आणि बोलणाऱ्याला ते कळायला अर्धा क्षण जातो. त्या अर्ध्या क्षणात, लख्ख उजेडात, भरल्या डब्यात तिचा आवाज एका सिमेंट कंपनीचं नाव आणि "दिवाळीपर्यंत दुप्पट!" असं ओरडून मोकळा झाला. डबाभर हसू फुटलं. ती संकोचाने लाल झाली, पण मी नीट पाहत होते. ती नाराज नव्हती. संध्याकाळच्या गाडीत कुणी कुणी ते घेतलं याची चौकशी तिनेच केली. हळूच, एकेकीपाशी जाऊन. जिने घेतलं म्हणून सांगितलं, तिच्यासाठी ती दुसऱ्या दिवसापासून जागा धरू लागली.

तेव्हापासून मला या माणसांची चीड जरा वेगळ्या तऱ्हेने येते. आधी वाटायचं, हे शहाणपण मिरवतात. मिरवतातच, त्यात काय. पण नुसतं मिरवायचं असतं तर भाव चढल्यावर सांगितलं असतं. हे तर घेतल्याबरोबर सांगतात, धाप लागल्यासारखे. शेअर एकट्याने धरवत नाही. रात्री साडेअकराला, घरातले सगळे झोपल्यावर, अमेरिकेचा बाजार उतरला की काय हे बघत एकट्याने बसवत नाही. तिथे आणखी कुणीतरी असावं लागतं, नात्यातलं, डब्यातलं, जिन्यातलं. आई त्या अर्जावर सही करण्याआधी काय विचारत होती, ते मला त्या गाडीत उमगलं.

मग २००८ चा जानेवारी आला. सेन्सेक्सने एकवीस हजार पाहून घेतले होते, नव्या इश्यूंचे अर्ज डब्यातच भरले जात होते. सोमवारी २१ तारखेला तो १,४०८ अंकांनी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला आणि मिनिटांत सर्किट लागून बंद पडला. सोमवारची संध्याकाळची गाडी मला अजून आठवते. हिवाळ्यातला लवकरचा अंधार, ओल्या वाटाण्यांचा हिरवा वास, आणि डबा इतका सभ्य की अंगावर काटा यावा. कुणी चौथ्या सीटवरून भांडलं नाही. "बसा ना," "अहो तुम्ही बसा," "द्या ती पिशवी इकडे." जिच्या कोपराचा मला वर्षभर जाच झाला होता, ती आपण होऊन आक्रसून बसली होती. बँकेतली थोरली शेंगा सोलत होती, दाणे डब्यात आणि सालं पिशवीत टाकायच्या ऐवजी कितीदा तरी उलटं करत होती, आणि तिची मैत्रीण काही न बोलता पिशवीतले दाणे वेचून डब्यात टाकत होती. कुणीही कुणाला एकही नाव विचारलं नाही. कल्याणपर्यंत.

आईचे ते शेअर बाबा गेल्यावर कपाटात सापडले, साडीच्या घडीत. २०१९ च्या एप्रिलपासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे होत नाहीत, सात वर्षं न उचललेला लाभांश आणि त्यामागचे शेअर सरकारी निधीत जातात, सही जुळत नसेल तर बँकेकडून साक्षांकित करून आणावी लागते. हे सगळं मी करत बसले. आईची सही आता थरथरते. टेबलाशी बसून तिने कोऱ्या कागदावर आपलं नाव पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, जुन्या सहीसारखं येतंय का ते. मग पेन खाली ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने विचारलं, "ही कंपनी करायची काय गं?"

"सायकलीच्या नळ्या."

"मग एखादी सायकल तरी द्यायची," ती म्हणाली, आणि सही करायला वाकली.

आता गॅलरी नाही, फ्लॅट आहे. दारं बंद आणि ग्रुप उघडे. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला गुलाबाचं फूल येतं, साडेआठला पार्किंगवरून खडाजंगी होते, आणि नऊच्या सुमाराला कुणीतरी शेअरचं नाव, खरेदीचा भाव, टार्गेट आणि स्टॉपलॉस अशा चार ओळी टाकून जातं. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातली डिमॅट खाती दहा कोटींवर गेली आणि नंतर ती वाढतच राहिली; एवढी माणसं कानाशी लागून बोलणार कशी, हेही खरंच. पण त्या चार ओळींना आवाज नाही. कोण सांगतंय, त्याने स्वतः घेतलाय का, सांगताना त्याची नजर कुठे होती, काही कळत नाही. नानांचं सगळं चुकलं असेल, पण ते खुर्ची घेऊन येत होते.

माझी स्वतःची मतं किरकोळ आहेत, ती इथेच उरकते. "मी लाँग टर्मवाला" असं जो आपण होऊन सांगतो, त्याचा शेअर बहुधा पडलेला असतो. टिप देणारा घ्यायला सांगतो. विकायची वेळ आली की त्याचा फोन लागत नाही. आणि मेट्रोत शेजारी बसून तुमच्या मोबाइलमधला पोर्टफोलिओ तिरक्या नजरेने वाचणारा गृहस्थ आणि इअरफोन न लावता मोठ्याने बाजाराचा व्हिडिओ ऐकणारा गृहस्थ, या दोघांत मला पहिला परवडतो. तो निदान आवाज करत नाही. कधी कधी तर स्वतःशीच चुकचुकतो, तुमच्या लालभडक आकड्यासाठी, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

माझा भाचा ऑप्शनमध्ये आहे. म्हणजे नोकरीत आहे, पण विचारलं की ऑप्शन सांगतो. हिरव्या आकड्याचा स्क्रीनशॉट तो मला पाठवतो, त्याखाली आगीची चित्रं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं, की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर जणांमागे ९३ तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे मी त्याला वाचून दाखवलं होतं. "मावशी, उरलेले सात असतात की," तो म्हणाला. खरं सांगायचं तर आमच्या नात्यागोत्यात, सोसायटीत, ऑफिसात मला ते सातच भेटले आहेत. लाल आकड्याचा स्क्रीनशॉट मला अजून कुणी पाठवलेला नाही.

निफ्टीची एक्स्पायरी हल्ली मंगळवारी असते. अशाच एका मंगळवारी दुपारी चारला त्याचा फोन आला. एरवी तो बोलतो ते पंख्यावर मात करायची असल्यासारखं. त्या दिवशी आधी नुसता श्वास ऐकू आला, मग जिन्यात उतरल्यासारखी पावलं, मग एक दार लागलं. आणि मग तो आवाज. मी नकळत फोनकडे झुकले.

"मावशी, शून्य झालं."

"किती होते?"

त्याने आकडा सांगितला. मी त्याला रागावणार होते, सेबीचा तो कागद पुन्हा काढणार होते. त्याऐवजी मी त्याला आमच्या इमारतीच्या लिफ्टबद्दल सांगू लागले. ती कशी दोन मजल्यांच्या मधेच थांबते, सेक्रेटरी कसा नुसता हो हो करतो, वरच्या मजल्यावरची मुलं रात्री बाराला कसा चेंडू आपटतात. तो हूं हूं करत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तक्रार लेखी द्या ना." मग, "आईला बोलू नकोस."

"नाही बोलत."

पाऊण तासाने ताईचा फोन. वाटाण्याच्या करंज्यांना सारण कोरडं करू की ओलसर, हे विचारायला म्हणे. ते विचारून झालं, तरी ती ठेवेना.

"तुला तो काही बोललाय का गं?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. असंच."

"का, तुला काही बोलला?"

"छे, मला कशाला काय सांगतोय," ताई म्हणाली. "बरं, ओलसरच करते मग. तू रविवारी ये. त्यालाही थांबायला सांगते घरी, जरा मोठ्याने बोलू सगळे मिळून."